घार जमिनीवर होती ते अडीच महिने

तिची तक्रार मी केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की मी फार भला माणूस आहे.

आमचा कारखाना लोखंड ओतण्याचा. भट्टीत वितळलेलं लोखंड एका बादलीत घेतात आणि साच्यांपर्यंत नेऊन ओततात. बादली म्हणायची आपली सवय, नाहीतर तिच्यात माणूस उभा मावेल, आणि भरली की तिचं वजन तीन टन होतं. ती उचलते छताखालच्या रुळांवर चालणारी क्रेन. त्या क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चौदा मीटर वर, एकोणीस वर्षं एकच बाई बसत होती. सगळे तिला घार म्हणायचे. उंचावरून तिला खालचं सगळं दिसायचं. कुणी हातमोजे काढून ठेवले, कुणी उभ्याउभ्या पेंगतोय, काही तिच्या नजरेतून सुटत नसे. मी खाली उभा राहून तिला हाताने आणि शिट्टीने खुणा करायचो. हे काम बारा वर्षं करत होतो, त्यामुळे तिने माझं नाव 'खालचा' ठेवलं होतं. मी तिला ताई म्हणायचो.

ती बादली साच्यावर अशी आणून ठेवायची की खाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. पण शेवटची दोन वर्षं ती थकलेली दिसायची. जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसल्या बसल्या तिला झोप लागायची, आणि घोरणं असं की भट्टीवाला म्हणायचा, बाहेर ट्रक सुरू झाला वाटतं. मधेच ते घोरणं थांबायचं. आम्ही हसायचो. मग एक मोठा आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचं. त्या थांबण्यात काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तीही म्हणायची, पन्नाशी उलटली, आता असंच चालायचं.

मग एका सकाळी भरलेली बादली घेऊन ती माझ्याकडे येत होती. मी मूठ वर केली, म्हणजे थांब. बादली थांबली नाही. माझ्यापासून दोन हातांवरून ती पुढे गेली. मी जीव खाऊन शिट्टी वाजवली तेव्हा ती गचकन थांबली, हिंदकळली आणि तिच्या कडेवरून लोखंड वाळूवर सांडलं. ठिणग्या माझ्या बुटांपर्यंत आल्या. मी वर पाहिलं. तिची मान छातीवर पडलेली होती आणि ती नुकतीच ती वर उचलत होती.

खाली उतरल्यावर ती मुकादमाला म्हणाली, क्रेन चालवायचा दांडा अडकला होता. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मी म्हणालो, दांडा अडकला नव्हता, ताईला झोप लागली होती.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

कंपनीच्या डॉक्टरांनी तिला झोपेच्या तपासणीला पाठवलं. अंगाला तारा लावून एक रात्र झोपवलं, तेव्हा कळलं की झोपेत तिचा श्वास तासाला एक्केचाळीस वेळा अडकतो. म्हणजे दर दीड मिनिटाला ती गुदमरून अर्धवट जागी होत होती आणि सकाळी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिला एक मशीन दिलं. उशाशी ठेवायचं, त्याची नळी तोंडावरच्या मास्कला जोडायची, आणि ते रात्रभर हवा दाबाने आत सोडत राहणार, म्हणजे घसा मिटणार नाही. कंपनीची अट सरळ होती. तीस दिवस रोज निदान चार तास मशीन लावलं पाहिजे. किती वेळ लावलं आणि हवा किती गळली याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. ती नोंद चांगली आली की क्रेनची चाचणी, आणि चाचणी पास झाली की केबिन परत. तोपर्यंत तिने स्टोअरमध्ये बसून हातमोजे आणि चष्मे वाटायचे.

स्टोअरला खिडकी नव्हती. चौदा मीटरवरून जग पाहणारी बाई एका काउंटरमागे बसली. कुणी गमतीने काही बोललं तर ती मोज्यांचा जोड पुढे सरकवायची आणि दुसरीकडे बघायची.

सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की दोन दिवसांत तू नवी होशील. भट्टीवाल्याच्या मेहुण्याकडे तसंच मशीन होतं, तो म्हणे पहिल्याच सकाळी गाणी म्हणत उठला. घारीचं मात्र आगीतून फुफाट्यात झालं. पहिल्या सकाळी ती उठली ती पोट फुगलेल्या अवस्थेत. कामाच्या पँटचं बटण लागेना. दुपारपर्यंत ढेकरांवर ढेकर. तिसऱ्या दिवशी वरचे पुढचे दात ठणकायला लागले. पाचव्या दिवशी पहाटे उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक फुसफुस हवा बाहेर येते असं तिला जाणवलं. तिने बोट लावून पाहिलं, खरंच येत होती. नाकात दाबाने जाणारी हवा डोळ्याच्या वाटेने निघते हे तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आपल्या डोक्यात कुठेतरी भोक पडलंय, अशीच तिची समजूत झाली. आणि डाव्या कानात उठल्यापासून टक्-टक् वाजायचं, डोंगरावरून उतरताना वाजतं तसं.

हे सगळं मला नंतर कळलं, तिच्या नवऱ्याकडून. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांना दिसत होतं, पण विचारलं की ती म्हणायची, काही नाही, सवय होतेय. कंपनीच्या डॉक्टरांनी आठवड्याने फोन केला तेव्हाही ती म्हणाली, छान झोप लागते. तिचा हिशेब असा होता की एक तक्रार सांगितली की दुसरी तपासणी, दुसऱ्या तपासणीत आणखी काही निघणार, आणि मग केबिन कायमची गेली. म्हणून तिने ताकास तूर लागू दिली नाही. उलट हवा गळल्याची नोंद होऊ नये म्हणून ती मास्कचे पट्टे रोज एक घर जास्त आवळत होती. सकाळी गालांवर लाल वळ उमटलेले असायचे. त्यावर ती तासभर ओला रुमाल धरून बसायची आणि मग कामावर यायची.

नवव्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मी मोजे बदलायला स्टोअरमध्ये गेलो. काउंटरवर कुणी नव्हतं. मी हाक मारली. उत्तर आलं नाही, पण मागच्या मांडणीपलीकडून कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आत जाऊन पाहिलं तर ती जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, उजवा हात छातीच्या डाव्या बाजूवर. चेहरा घामाने ओला.

"बाहेर जा," ती म्हणाली. महिनाभरातलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मी विचारलं काय होतंय. तिने तुकड्यातुकड्यात सांगितलं. बरगडीखालून कळ येतेय आणि डाव्या खांद्यात चढतेय. पूर्ण श्वास घेता येत नाही. सकाळपासून आहे. तिचे वडील पन्नासाव्या वर्षी झोपेत गेले होते, तेही असेच घोरायचे, हे तिने तेव्हाच मला पहिल्यांदा सांगितलं.

मी दाराकडे वळलो तसं तिने माझी बाही धरली.

"कुणाला सांगितलंस तर बघ. एकदा सांगितलंस ते पुरे झालं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी थांबलो. त्या पहिल्या तक्रारीनंतर अर्धा कारखाना माझ्याकडे चहाड्या करणारा म्हणून बघत होता. आता पुन्हा माझ्याच तोंडून. पण तिच्या ओठांचा रंग मला ठीक वाटला नाही.

"ताई, नंतर हवं तर जन्मभर बोलू नकोस," मी म्हणालो आणि बाही सोडवून घेतली.

वीस मिनिटांत आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. तिला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं आणि दार बंद झालं. मुकादम येऊन गेला. मास्तर आले ते घरातल्या चपलांवर आणि माझ्या शेजारी बसले. आधी ते नुसते अंगठ्याने तर्जनी घासत राहिले. मग हळूहळू त्यांनी पोट, दात, डोळा, सगळं सांगितलं. ती गेले चार दिवस उशांना टेकून बसूनच झोपत होती, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणायची.

"मला दिसत होतं हो," ते म्हणाले. "मला वाटलं, तिला केबिन हवीय, आपण कशाला मधे पडायचं."

माझाही जीव टांगणीला लागला होता. मी मनात हिशेब करत होतो की हे खरोखर हृदयाचं निघालं तर ज्या मशीनने हे झालं ते माझ्यामुळे तिच्या उशाशी आलं.

तीन तास गेले. हृदयाचा आलेख काढला, रक्त दोनदा तपासलं, छातीचा फोटो काढला. मग एक तरुण डॉक्टरीणबाई फोटो घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या बाजूला, फुप्फुसाच्या खाली, एक मोठा काळा फुगा होता.

"हृदय उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "हे पोट आहे. हवेने एवढं फुगलंय की छाती आणि पोटामधल्या पडद्याला ढकलतंय. म्हणून कळ खांद्यापर्यंत जाते. या हवा कुठून गिळतायत?"

मास्तर हसायला लागले. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि ते हसत नव्हते हे मला उशिरा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. या वेळी हवा निघाली म्हणून पुढच्या वेळी छातीत दुखलं तर हवाच असेल असं घरी बसून ठरवू नका, आज आलात तसंच या. घारीने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या बाईंकडे जायचं होतं. झोपेच्या तपासणी केंद्रात मशीन लावून द्यायचं काम त्या करायच्या. मास्तर म्हणाले तुम्हीही चला, म्हणून गेलो. बाईंनी मास्क हातात घेतला, पट्ट्यांची घरं पाहिली आणि विचारलं की हा एवढा कुणी आवळला. मग गालांवरचे वळ पाहिले. दात त्यामुळेच दुखत होते. एवढा आवळूनही मास्क नाकाच्या बाजूला वाकडा बसत होता. डोळ्यातून येणाऱ्या हवेचं ऐकून त्या दचकल्या नाहीत. डोळा आणि नाक यांना जोडणारी एक बारीक नळी असते, काहींची सैल असते, त्यातून हवा वर येते, एवढंच म्हणाल्या. घारीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाच दिवस ती डोक्याला भोक घेऊन हिंडत होती.

पोटाचं कारण दाब होता. मशीन सुरू होतानाच पूर्ण जोराने हवा सोडत होतं आणि ती प्रत्येक झोताशी झुंजत होती, गिळून गिळून. बाईंनी दाब आधी कमी आणि मग हळूहळू वाढेल असा लावला. तोंड झाकणारा मास्क काढून नाकापुरता लहान दिला. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच करायला सांगितली. आणि दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास तो नाकावर लावून बसायला सांगितलं, म्हणजे शरीर त्याला शत्रू समजणार नाही.

"बाकी काही?" बाईंनी शेवटी विचारलं.

"नाही," घार म्हणाली.

कानाचं तिने सांगितलंच नाही. नुसतं टक्-टक् तर वाजतंय, जाईल आपोआप, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मला तेव्हा कानाबद्दल काहीच माहीत नव्हतं.

पोट आठवड्याभरात उतरलं. मग तिला स्वप्नं पडायला लागली. कित्येक वर्षांत पडली नव्हती तेवढी, एकामागून एक, रंगीत, लांबलचक. एकदा ती वडिलांशी भांडून रडत उठली आणि मास्तरांना म्हणाली, बाबा एवढं बोलले की मला उत्तरच सुचेना. बाईंनी फोनवर सांगितलं की ज्याला वर्षानुवर्षं गाढ झोप मिळाली नाही त्याच्या बाबतीत असं होतं, थकबाकी फिटली की कमी होईल. आणि एक दिवस दुपारी स्टोअरमध्ये मी पाहिलं, ती काउंटरमागे ताठ बसून सगळे चष्मे पुसून रांगेत लावत होती. डोळे लख्ख. तिने मला मोजे दिले आणि म्हणाली, "डाव्या अंगठ्याला भोक पडलं की लगेच ये, थांबू नकोस." एवढंच, पण बोलली.

तीस दिवस भरले. नोंद चांगली आली. चाचणीचा दिवस ठरला.

बादलीत लोखंडाऐवजी वाळू भरली होती, वजन तेवढंच. व्यवस्थापक, कंपनीचे डॉक्टर आणि मुकादम पिवळ्या रेषेमागे उभे राहिले. घार जिना चढून गेली, पूर्वी चढायची त्याहून भरभर. केबिनचं दार लागलं. मी तोंडात शिट्टी धरली.

बादली उचलली, सुंदर उचलली. मी हाताने डावीकडे वळवली, वळली. पण दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या, म्हणजे सावकाश, तेव्हा वेग कमी झाला तो मी हात दाखवल्यावर. मी वर पाहिलं. ती मान उजवीकडे तिरपी करून बसली होती. तशी ती कधी बसत नसे. उजवीकडे धूर ओढणारे दोन मोठे पंखे घरघरत असतात. म्हणून माझी शिट्टी ती कायम डाव्या कानाने ऐकायची.

तेवढ्यात पलीकडच्या खात्यात साचे फोडायला सुरुवात झाली आणि धुळीचा लोट आमच्यामध्ये आला. मला ती दिसेना, म्हणजे तिला माझा हात दिसत नव्हता. मी लांब शिट्टी वाजवली. थांब. बादली येत राहिली. मी पुन्हा वाजवली, फुप्फुसं रिकामी होईपर्यंत. बादली आणखी हातभर आली आणि मग थांबली.

धूळ विरली. बादली खुणेच्या रेषेच्या आतच होती, जेमतेम. व्यवस्थापकांना वेगळं काही दिसलं नव्हतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, ठीक?

हो म्हटलं तर ती उद्या वितळलेलं लोखंड घेऊन माझ्या डोक्यावर येणार. नाही म्हटलं तर एकाच माणसाची भाकरी मी दुसऱ्यांदा हिसकावणार, आणि या वेळी बादली रेषेच्या आत असताना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंडातून शिट्टी काढली.

वर केबिनची काच सरकल्याचा आवाज आला. तिने आधी बादली खाली घेतली, सावकाश, जमिनीला टेकल्याचा आवाजही आला नाही. मग मान बाहेर काढली.

"माझा डावा कान बंद आहे," ती वरून म्हणाली. "शिट्टी ऐकू आली नाही. मी उतरते."

जिन्यावर तिची पावलं वाजत होती. ती येऊन उभी राहिली तेव्हा व्यवस्थापकांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीत.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला परत चढू दिलं नसतं, असं वाटलं."

"मग आता का सांगताय?"

तिने मानेने माझ्याकडे दाखवलं. "खाली हा उभा होता."

कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर पडद्यामागे पाणी साठलेलं. नाकातून कानाकडे जाणारी वाट हवेच्या दाबाने सुजून बंद झाली होती. औषध दिलं, नाकात मारायचा फवारा दिला, आणि मशीनवाल्या बाईंनी दाब पुन्हा बदलला, हवा ओलसर करणारी पाण्याची डबी जोडली. बाई तिच्यावर चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या, मी 'बाकी काही' म्हणते ते बोलायचं म्हणून म्हणत नाही. घारीने मान खाली घालून ऐकून घेतलं. तिला असं ऐकून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कान मोकळा व्हायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम कुजबुजल्यासारखी शिट्टी वाजवली तरी बादली जागच्या जागी थांबली. दुसऱ्या दिवशी तिने खरं लोखंड उचललं. मी माझ्या नेहमीच्या जागेवर उभा होतो. भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पहिल्या तीन फेऱ्या वाटली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. महिन्याभराने ती स्वतः व्यवस्थापकांकडे गेली. तिचं म्हणणं असं की जो आपणहून आपलं दुखणं सांगेल त्याची जागा जाणार नाही, बरा होईपर्यंत दुसरं काम मिळेल, हे कागदावर लिहून फलकावर लावा. नाहीतर सगळे माझ्यासारखं दुखणं अंगावर काढतील आणि एक दिवस कुणीतरी बादलीखाली जाईल. व्यवस्थापकांनी दोन वेळा टाळलं. तिसऱ्या वेळी ती मास्तरांनी सुबक अक्षरात लिहिलेला कागदच घेऊन गेली, फक्त सही बाकी होती. सही झाली.

त्या कागदानंतर तपासणीला गेलेला पहिला माणूस भट्टीवाला. तिच्या घोरण्यावर सगळ्यात जास्त हसलेला तोच. त्यालाही मशीन मिळालं. पहिल्या दिवशी तो ऐटीत सांगत होता की मेहुण्यासारखा मीही गात उठणार. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यात एकटा बसून चोरून ढेकर देत होता. घार डबा ठेवून उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारू लागली. पोट? दात? डोळा? कान? तो म्हणाला, पोट फक्त, थोडंसं, एवढ्याशासाठी कशाला कुणाला त्रास.

तिने मशीनवाल्या बाईंना फोन लावला आणि तो त्याच्या कानाशी धरला.